खर्ज सैल सोडून मिळत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी सहा वर्षं एका हौशी विंड बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवते. आतापर्यंत दुसऱ्या भागावर होते. चार महिन्यांपूर्वी तिसरा, म्हणजे सगळ्यात खालचा भाग वाजवणारे गृहस्थ बँड सोडून गेले आणि त्यांची खुर्ची माझ्याकडे आली. बास क्लेफच्या सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली सूर गेला की माझा आवाज फुसफुसतो, उशिरा धरतो, कधी वरच्या सुरावर उडी मारतो. ट्रिगर, म्हणजे जादा नळी जोडणारा खटका, दाबून डी कसाबसा निघतो, सीला नुसती हवा. कंडक्टर म्हणतात, "आणखी सैल सोड." शेजारचे वादक म्हणतात, "ओठ पातळ, छाती लहान, बायकांना खर्ज जडच जातो." मोठा माउथपीस घेऊ का? बास ट्रॉम्बोन घेऊ? की मुकाट्याने दुसऱ्या भागावर परत जाऊ? कार्यक्रम तीन महिन्यांवर आला आहे.

तुमच्या मूळ पत्रात 'सैल' हा शब्द सात वेळा आलाय. ओठ सैल सोडले, जबडा सैल सोडला, खांदे, पोट, सगळंच सैल. इतकं सगळं सोडून दिल्यावर सुरानं तरी काय धरून राहायचं?

ही समजूत येते कुठून ते मला कळतं. वर जाताना ओठ आवळायचे, मग खाली येताना सोडायचे, असा तो सरळ हिशेब आहे. त्यात अर्धं खरं आहे. खालच्या सुराला ओठांमधली फट मोठी लागते आणि कंप पावणारा भागही जास्त लागतो. पण तो भाग ज्या चौकटीत कंप पावतो ती चौकट, म्हणजे तोंडाचे दोन्ही कोपरे, जागची हलता कामा नये. दार सताड उघडायचं म्हणून आपण बिजागऱ्या ढिल्या करत नाही.

मी स्वतः या सैलपणात दोन वर्षं घालवली आहेत. मला शिकवणाऱ्यांनी सांगितलं होतं, "खाली जाताना जांभई दे." मी इमानेइतबारे जांभया देत राहिलो. गाल फुगायचे, हनुवटीचा गोळा व्हायचा, आणि आवाज म्हणजे दूर कुठेतरी कुणी बाटलीत फुंकतंय असा. जांभईचा सल्ला खोटा नव्हता. तो घशासाठी होता, आणि मी तो ओठांनाही लावला. तुमच्या कंडक्टरांचं 'सैल सोड'ही बहुधा खांद्यांसाठी आणि घशासाठीच असावं. एकदा विचारून घ्या.

आज रियाजाला बसाल तेव्हा समोर आरसा ठेवा. पहिल्या पोझिशनमधला, म्हणजे स्लाइड पूर्ण आत असतानाचा, तुम्हाला हमखास येणारा बी-फ्लॅट लांब धरा आणि तोंडाचे कोपरे बघा. मग तोच सूर न तोडता, जीभ न लावता, स्लाइड अगदी सावकाश सातव्या, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या पोझिशनपर्यंत न्या. बी-फ्लॅटपासून ईपर्यंतची ही घसरगुंडी व्हॉल्व्हच्या वाद्यांना अशी सलग मिळत नाही, तुम्हाला फुकट मिळाली आहे, तर ती वापरा. तुमचा सूर बहुतेक पाचव्या-सहाव्याच्या आसपास फाटेल. फाटण्याच्या अर्धा सेकंद आधी आरशात काय हललं, ते मला हवंय. कोपरे आत गोळा झाले? गाल फुगले? हनुवटी वर आली? की माउथपीसच जागेवरून सरकला?

शेवटचं जास्त संभवतं, आणि त्याचा ओठांशी काही संबंध नसतो. सातवी पोझिशन गाठायला हात पूर्ण ताणला की खांदा पुढे जातो, त्याच्याबरोबर अख्खं वाद्य किंचित खाली झुकतं आणि माउथपीसचा कोन बदलतो. म्हणजे ज्या सुराला ओठ सगळ्यात स्थिर हवेत, त्याच सुरावर त्यांच्या पायाखालची जमीन सरकते. वाद्याचं सगळं वजन डाव्या हाताकडे द्या. उजव्या हाताच्या मुठीत स्लाइड धरू नका, बोटांच्या टोकांवर ठेवा. शेवटचे काही सेंटिमीटर मनगट आणि बोटं गाठतील, खांद्याला उठवायचं कारण नाही. मला हे कळलं ते फार उशिरा, एका गटवादनाच्या फोटोत स्वतःला बघून. बाकी तिघे सरळ, आणि मी एकटा कुणाला तरी वाकून नमस्कार करत असल्यासारखा.

कोपरे टिकवले तर मग हलायचं काय? जबडा. तो खाली आणि अगदी किंचित पुढे जातो. दातांमध्ये करंगळीचं टोक मावेल इतकी जागा होते. माउथपीसचा ओठांवरचा दाब वाढायच्या ऐवजी थोडा कमी होतो. सूर बिघडला की वाद्य तोंडावर दाबायची सवय सगळ्यांनाच असते. वरच्या सुरात ती घटकाभर निभावून नेते, खालच्या सुरात मात्र ओठ जागीच दाबून टाकते.

आता हवा. मेणबत्ती विझवायला आपण फुंकर मारतो आणि चष्म्याची काच पुसण्याआधी तिच्यावर 'हाऽ' करतो. फुंकर पातळ आणि वेगाची, 'हाऽ' रुंद, ऊबदार, सावकाश. खर्जाला दुसरी हवा लागते. वर जाताना तोंडातला दाब वाढवावा लागतो. खाली येताना दाब कमी पुरतो, पण हवा खूप जास्त जाते. वरचा सूर तुम्ही आठ ठोके आरामात धरत असाल, तर तितक्याच मोठ्या आवाजातला खालचा सूर चार ठोक्यांत तुमची हवा संपवू शकतो. यात दुबळेपणा कसला? तिसऱ्या भागाचा खर्चच तेवढा असतो. दुसऱ्या भागात जिथे श्वास घ्यायचात तिथेच अजून घेत असाल, तर खालच्या ओळी अर्ध्यावर येईपर्यंत तुम्ही उधारीवर वाजवत असणार. पेन्सिल घ्या, तुमच्या कागदावर श्वासाच्या खुणा नव्याने करा, आणि आधीच्या दुप्पट करा. लाजू नका. ट्यूबा, म्हणजे सगळ्यात मोठं पितळी वाद्य, वाजवणाऱ्यांचे कागद पाहिलेत तर खुणांनी भरलेले दिसतील.

छातीचा मुद्दा निघालाच आहे तर सांगतो. आर्नल्ड जेकब्स हे १९४४ ते १९८८ शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राचे ट्यूबावादक. श्वासाबद्दल पितळी वाद्यं वाजवणाऱ्यांना शिकवणाऱ्यांत त्यांचं नाव आजही पहिलं घेतलं जातं. दुखण्यांमुळे त्यांच्या फुफ्फुसांची क्षमता नेहमीच्या माणसापेक्षा बरीच कमी होती. आणि तुमच्या शेजाऱ्यांसाठी: फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात २००६ पासून मुख्य ट्यूबावादक आहेत कॅरल जॅन्ट्श, म्हणजे एक बाई. हे त्यांना ऐकवायची गरज नाही, पण मनातून ते वाक्य काढून टाका. पातळ ओठांचंही तसंच. बाहेर दिसणारा लाल भाग किती, यावरून माउथपीसच्या आत किती ओठ कंप पावणार हे ठरत नाही.

सूर 'उशिरा धरतो' असं लिहिलंयत. इथे थोडं गणित मदतीला येतं. तुमचा सवयीचा बी-फ्लॅट सेकंदाला साधारण ११७ कंपनांचा आहे, सातव्या पोझिशनमधला ई साधारण ८२ कंपनांचा. सूर स्थिरावायला काही कंपनं जावी लागतात, आणि खाली प्रत्येक कंपनालाच जास्त वेळ लागतो. म्हणून तुम्ही ठोक्यावर सुरू केलेला सूरही ठोक्यामागे ऐकू येतो. उपाय घाईचा नाही, तयारीचा आहे. जबडा सूर सुरू होताना खाली न्यायचा नाही. श्वास घेतानाच तो खालच्या जागी गेलेला हवा. वरून उडी मारून खाली यायचं असेल तर वरचा सूर केसभर आधी सोडा आणि त्या फटीत बस्तान बसवा.

जिभेचं मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण यात आपली मराठी जीभ आपल्याला फसवते. परकी पुस्तकं 'टा' म्हणा सांगतात, आणि आपण आपला मराठी 'ट' म्हणतो, जीभ मागे वळवून टाळूला लावून. इंग्रजीतला तो उच्चार आपल्या 'ट' आणि 'त'च्या मधोमध कुठेतरी, दातांमागच्या हिरडीवर होतो. वाजवताना 'ट' घेतलात तर जिभेचा मागचा भाग उचलला जातो आणि घशातून येणारी रुंद हवा तिथेच अडते. वरच्या सुरात हे खपून जातं. खाली लगेच ऐकू येतं, सुराआधी 'ठक्' असा आवाज येतो आणि मागून हवा. माझ्या कानाला खर्जासाठी 'दो' सगळ्यात जवळचं वाटतं. 'तो' जरा टोकदार पडतो. अगदी खाली गेल्यावर 'थो', म्हणजे जिभेचं टोक दातांच्या कडेला अलगद लागून सुटणारं. आता वाद्य न घेता म्हणून बघा: टो, तो, दो, थो. जीभ पुढे पुढे आणि सपाट होत जाते, ते जाणवेल. स्वर 'ओ' किंवा 'ऑ' ठेवा. 'ई' मनात आला की जीभ वर चढलीच समजा.

आता तुमच्या वाद्याकडे येऊ, कारण सगळा दोष ओठांवर टाकणं मला पटत नाही. विशेषतः तो सी.

ट्रिगर दाबल्यावर नळी लांब होते, बी-फ्लॅटचं वाद्य एफचं होतं. नळी लांब झाली की पोझिशनमधली अंतरंही त्याच प्रमाणात वाढतात. त्यामुळे ट्रिगरवर स्लाइडमध्ये सातऐवजी सहाच पोझिशन मावतात. ट्रिगरचा डी नेहमीच्या पाचवीच्या किंचित अलीकडे असतो. आणि सी नेहमीच्या सातवीच्याही थोडा पुढे, जवळजवळ स्लाइडच्या टोकाशी. तुम्ही सी सहाव्या पोझिशनमध्ये शोधत असाल, तर ओठ एक सूर मागताहेत आणि नळी दुसरा देतेय. या भांडणात बाहेर येते ती नुसती हवा. ट्रिगरवरच्या सगळ्या जागा ट्यूनर समोर ठेवून एकदा नव्याने शोधा. सीच्या खालचा बी तर ट्रिगरची नळी बाहेर ओढल्याशिवाय स्लाइडवर मावतच नाही. तो कागदावर आला आणि वाजला नाही तर स्वतःला बोल लावू नका.

दुसरी तपासणी गळतीची. हवा कुठून थोडीशी निसटत असेल तर वरच्या सुरांत ती लपते आणि खालच्या सुरांत उघडी पडते. ट्रिगर न दाबता त्याची ट्यूनिंग नळी सावकाश अर्धी बाहेर काढा, चार-पाच सेकंद थांबा, मग ट्रिगर दाबा. 'पॉप' असा आवाज आला तर व्हॉल्व्ह हवा धरून आहे. नाही आला तर हवा गळतेय. मग आधी व्हॉल्व्हला तेल द्या. पाणी काढायच्या चावीचं बूचही बघा. ते झिजलेलं असलं तर बोटानं घट्ट दाबून धरून तोच सूर पुन्हा वाजवा. आवाज सुधारला तर तुमचा अर्धा प्रश्न एका बुचाचा होता. मला असे किमान तीन विद्यार्थी आठवतात, ज्यांनी महिनोन्महिने ओठांना दोष दिला आणि दोषी निघालं ते बूच.

मोठा माउथपीस? टेनरचा, म्हणजे तुमच्या नेहमीच्या ट्रॉम्बोनचा माउथपीस आतून साधारण २५ ते २६ मिलिमीटरचा असतो, बास ट्रॉम्बोनचा २७-२८च्या आसपास किंवा वर. या दोन मिलिमीटरने खालचा आवाज खरंच रुंद होतो. पण कोपरे सुटत असतील तर मोठ्या कपात ते आणखी सुटतात, आणि तुमच्या कागदावरचे मधले सूर, जे आज चांगले आहेत, तेही डगमगतात. कार्यक्रमाआधी बदलू नका. नंतर, कोपरे टिकायला लागल्यावर, कुणाचा तरी उसना घेऊन दोन आठवडे वाजवून बघा. बास ट्रॉम्बोनबद्दल माझा प्रश्न वेगळा आहे. तिसरा भाग तुम्हाला आवडतो का? पत्रात याबद्दल एक शब्द नाही. चार सुरांची अडचण सोडवायला कुणी दुसरं वाद्य घेऊ नये. तळाला बसून अख्ख्या बँडला पाठीवर घेण्याची हौस असेल, तर मात्र जरूर घ्यावं.

रियाजाचं सांगतो. रोज वीस मिनिटं पुरेत, पण रोज. पहिली पाच मिनिटं मधल्या पट्टीत लांब सूर. मग वर सांगितलेली घसरगुंडी, आधी बी-फ्लॅटपासून एफपर्यंतच. सूर फाटतो त्याच्या एक पोझिशन आधी थांबायचं, आणि ती सीमा आठवड्याला एक पोझिशन खाली सरकवायची. फाटलेला सूर दहादा वाजवला की ओठ फाटायलाच शिकतात. मग तोच प्रवास तुकड्यांत, 'दो दो दो' करत. एखादी सोपी, सावकाश, पाठ असलेली चाल आधी नेहमीच्या पट्टीत वाजवा आणि मग एक सप्तक खाली. माझ्या मते या सगळ्यात जास्त उपयोगाचं हेच आहे. कारण चाल कानात असते, तिच्यामागे ओठ आपोआप जातात, आणि सुराकडे 'अवघड सूर' म्हणून बघायचं राहून जातं. खाली उतरायच्या आधी तो सूर गुणगुणून बघा. तुमच्या गळ्यात तो पोचणार नाही, वरच्या सप्तकात म्हणा, चालेल. शेवटची तीन-चार मिनिटं पुन्हा मधल्या पट्टीत, अगदी हळू आवाजात. ती चुकवू नका. नुसता खर्ज घासून उठलं की ओठ पसरट राहतात आणि दुसऱ्या दिवशी वरचे सूर रुसतात. लांब श्वासांनी गरगरायला लागलं तर बसा, मिनिटभर साधे श्वास घ्या, मग पुढे.

पेडल सूर, म्हणजे पहिल्या पोझिशनमधला सगळ्यात खालचा बी-फ्लॅट आणि त्याखालचे, हे दुसऱ्या महिन्यात घ्या. त्यांची एक गंमत आहे. ट्रॉम्बोनच्या नळीचा सगळ्यात खालचा अनुनाद त्या पेडल बी-फ्लॅटच्या जागी नसतोच, तो त्याच्याही बराच खाली पडतो. सूर उभा राहतो तो वरच्या अनुनादांच्या आधारावर. म्हणून पेडल गोलगोल, घुमा करायला गेलं की कोसळतो, आणि जरा खरखरीत, कडा असलेला वाजवला की टिकतो. आपल्या कानाजवळ तो ओबडधोबड वाटतो. चार-पाच मीटरवर फोन ठेवून रेकॉर्ड करा, मग ठरवा. हे सगळ्याच खर्जाला लागू आहे. घंटेच्या, म्हणजे वाद्याच्या पसरट तोंडाच्या मागे बसून आपल्याला जे ऐकू येतं, त्यावर फार विश्वास ठेवू नये.

ट्रंपेट आणि युफोनियमवाल्यांनीही असंच लिहिलं आहे, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. तिन्ही व्हॉल्व्ह एकत्र दाबले की जोडलेल्या नळ्यांची बेरीज हवी त्यापेक्षा आखूड पडते. दुरुस्ती केली नाही तर सूर जवळजवळ पाव स्वराने चढा येतो. तो ओठांनी खाली ओढत बसलात तर आवाजाचा जीव जातो. ट्रंपेटवाल्यांनी तिसऱ्या व्हॉल्व्हची नळी बोटानं बाहेर ढकलावी, ती त्यासाठीच हलती ठेवलेली असते. युफोनियमला चौथा व्हॉल्व्ह असेल तर वापरा. डेव्हिड ब्लेकली यांनी १८७४ मध्ये काढलेली भरपाईची रचना तुमच्या वाद्यात असेल, तर जादा नळ्या आपोआप जोडल्या जातात. नसेल, तर खालचा बी बेसुरा लागणं हा तुमचा गुन्हा नाही.

राहता राहिला कार्यक्रम. तीन महिन्यांत एफ, ई, ई-फ्लॅट आणि डी भरीव व्हावेत, ही अपेक्षा रास्त आहे. सीबद्दल मी वचन देणार नाही. कागद घेऊन बसा आणि सी नेमका किती वेळा येतो ते मोजा. मला वाटतं दोन-चार वेळा असेल, आणि तेव्हा बहुतेक ट्यूबाही तोच सूर वाजवत असेल. तसं असेल तर कंडक्टरांना आणि ट्यूबावाल्यांना आत्ताच सांगून ठेवा, की त्या जागी मी सूर आखूड, स्पष्ट लावून सोडेन, लांबी तुम्ही धरा. तो एक सप्तक वर मात्र नेऊ नका, निदान न विचारता नाही. तुमच्याखाली कुणी नसेल तर कॉर्डचा तळच बदलतो. आणि दुसऱ्या भागावर परत जायचा विचार कार्यक्रमानंतरच्या पहिल्या तालमीपर्यंत पुढे ढकला. तोवर शेजारचे गृहस्थ पुन्हा ओठांबद्दल काही बोलले, तर त्यांना त्यांच्या पाण्याच्या चावीचं बूच तपासायला सांगा.